हरणाची शिकार व बंदुकीची गोळी

आजच्या भाषणाचा विषय कानीं पडतांच पुष्कळ श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. ठाणें, कल्याण, डोंबिवली ह्या गांवांत सकाळच्या गाडीला दारांत उभें राहण्यापुरती जागा मिळाली तरी माणूस स्वतःला भाग्यवान समजतो. तेथें हरणाची शिकार करतो कोण, आणि ती कोणत्या गोळीनें करावी ही चौकशी हवी कोणाला? शिवाय शिकार हा आज गुन्हा आहे. हें दुसरें म्हणणें सोळा आणे खरें असल्यामुळें त्याचा निकाल आधीं लावतों आणि मग पहिल्याकडे वळतों.

१९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला, तेव्हां शिकार पूर्णपणें बंद झालेली नव्हती. परवाना काढून, फी भरून, नेमलेल्या मोसमांत कांहीं जनावरें मारतां येत असत, आणि चितळ व सांबर हीं त्यांतच मोडत. १९९१ सालीं कायद्याची दुरुस्ती होऊन परवान्यांचीं तीं कलमें गाळण्यांत आलीं. तेव्हांपासून माणसाच्या जिवाला धोका, पिकांची नासाडी अशा कारणासाठीं अधिकाऱ्यानें दिलेल्या लेखी हुकुमाखेरीज रानांतल्या जनावरावर बंदूक रोखण्याची मुभा ह्या देशांत कोणालाहि नाहीं. हौसेची शिकार संपली. ती संपली हें बरें झालें, असें माझें मत आहे. तें लपवून ठेवून मी बोलणार नाहीं.

असें असतांहि हा विषय मीं घेतला, कारण शिकार संपली तरी शिकारीचें सामान संपलेलें नाहीं. आपल्या ह्या भागांतल्या कित्येक जुन्या घरांत आजोबांची रायफल अजून कपाटांत उभी आहे, भिंतीवर सांबराचीं शिंगें आहेत, आणि खणांत कोठें तरी पितळेचीं पांच-सात काडतुसें एका पुडक्यांत बांधून ठेवलेलीं आहेत. दुसऱ्या बाजूला, डोंबिवलीच्या किती तरी घरांतलीं मुलें आज अमेरिकेंत संसार करीत आहेत. तेथें विस्कॉन्सिनसारख्या संस्थानांत नोव्हेंबर महिन्यांत नऊ दिवस बंदुकीनें हरणें मारण्याचा कायदेशीर मोसम असतो. शेजारचा मनुष्य प्रेमानें हरणाचें मांस आणून देतो, आणि आपली सूनबाई किंवा लेक तें शिजवावें कीं न शिजवावें ह्या विचारांत पडते. ह्या दोघांनाहि गोळीची थोडी माहिती असणें उपयोगाचें आहे. आणि खरें सांगावयाचें तर, गोळीची निवड हा विषय वरवर पाहतां लोहाराच्या दुकानांतला वाटतो, पण त्याच्या पोटांत दयेचा आणि क्रौर्याचा जो हिशेब आहे तो कोणाहि विचारी माणसाला गुंगवून टाकील असा आहे.

आधीं आपल्या रानाविषयीं दोन शब्द. १८५४ सालीं आगगाडी कल्याणला पोचली. पुढें ती कसाऱ्याच्या घाटाकडे सरकली तेव्हां आसनगांव, आटगांव, खर्डी अशा स्टेशनांवर उतरून शहापूर तालुक्याच्या जंगलांत शिरणें मुंबईकराला सोपें झालें. बंदूक घेऊन साहेब आला आणि त्याच्या मागोमाग आपल्यांतले वकील, सावकार, इनामदारहि आले. ह्या रानांत सांबर होतें, चितळ होतें, कुत्र्यासारखें भुंकणारें भेकर होतें, आणि सशाहून थोडीशीच मोठी अशी पिसोरी होती. चौशिंगाहि होता, पण त्याला हरीण म्हणणें शास्त्राला धरून नाहीं. ज्याचीं शिंगें दरसाल गळून पुन्हा येतात तें खरें हरीण. काळवीट, चिंकारा, चौशिंगा ह्यांचीं शिंगें जन्मभर टिकतात, म्हणून त्यांचें कुळ निराळें. आपल्या बोलण्यांत मात्र सगळींच हरणें. वारली, ठाकूर, कातकरी ह्यांची पारध ह्या सर्वांहून जुनी. त्यांच्याजवळ तिरकमठा, वाघर आणि हाका घालणारे चार सोबती, एवढ्यावर त्यांचें काम भागे. बंगल्यांतल्या भिंतींवर जीं शिंगें टांगलेलीं दिसतात, त्यांच्याखालीं बंदूक चालविणाऱ्याचें नांव असतें. माग काढून त्याला त्या जनावरापर्यंत नेणाऱ्या कातकऱ्याचें कोठेंहि नसतें.

आज त्या रानाचा पुष्कळ भाग वस्तीखालीं गेला. तरी येऊरचा डोंगर ज्या राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे त्या सुमारें १०४ चौरस किलोमीटरांत चितळ, सांबर आणि भेकर आजहि आहेत, आणि त्यांच्यावर जगणारा बिबट्याहि आहे. तानसाच्या तलावाभोंवतालच्या रानाला १९७० सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. म्हणजे घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या उंच इमारतींत राहणाऱ्या कुटुंबापासून रानटी हरीण दोन-तीन मैलांवर चरत असतें, हें पुष्कळांच्या ध्यानींहि नसतें.

आतां गोळीकडे वळूं. आपण बोलतांना काडतुसालाच गोळी म्हणतों, पण तीं दोन आहेत. काडतूस म्हणजे पितळेची नळकांडी. तिच्या बुडाशीं ठिणगी देणारी टोपी, पोटांत दारू, आणि तोंडाशीं घट्ट बसविलेली गोळी. बार उडाला कीं नळकांडी बंदुकींतच राहते, जाते ती गोळी. ह्या पितळेच्या कामाशीं आपल्या भागाचा जवळचा संबंध आहे. अंबरनाथच्या आयुध निर्माणींत काडतुसांच्या नळकांड्यांना लागणारा पितळेचा माल तयार होतो, आणि तेथें कामाला जाणाऱ्या माणसांचीं घरें कल्याणपासून बदलापूरपर्यंत पसरलेलीं आहेत. भरलेलीं काडतुसें मात्र पुण्याजवळ खडकीला १८६९ सालीं निघालेल्या कारखान्यांत होत आलीं आहेत, आणि जळगांव जिल्ह्यांतल्या वरणगांवींहि होतात.

ठासणीच्या बंदुकीच्या काळीं गोळी म्हणजे नुसतें शिसें. शिसें मऊ. ओट्यावर आपटलेला कणकेचा गोळा जसा पसरतो, तशी ती गोळी जनावराच्या अंगांत शिरतांच पसरे. पुढचा भाग अळंबीच्या छत्रीसारखा उलगडे आणि मूळ जाडीच्या दीडपट-दुप्पट रुंद वाट पाडीत आंत जाई. वेग कमी असल्यामुळें गोळी मोठी व जड ठेवावी लागे. सिलोन व आफ्रिकेच्या रानांत आयुष्य घालविलेल्या सर सॅम्युएल बेकर ह्या शिकाऱ्याचा ह्या शिशाच्या भरीव गोळीवर फार विश्वास. गोळी पसरावी, पण फुटूं नये, आणि तिची सगळी ताकद जनावराच्या अंगांतच खर्च व्हावी, असें त्याचें म्हणणें. हा माणूस १८९३ सालीं वारला. त्यानंतर गोळ्यांत पुष्कळ स्थित्यंतरें झालीं, पण ह्या एका वाक्यापलीकडे नवें तत्त्व कोणीं सांगितलेलें मला आढळलें नाहीं.

१८८० नंतरच्या दहा वर्षांत धूर न करणारी दारू निघाली आणि सगळें गणित बदललें. गोळीचा वेग सेकंदाला तेराशें-चौदाशें फुटांवरून दोन हजारांवर गेला. वेगाचें महत्त्व असें कीं, वजन दुप्पट केलें तर जोर दुप्पट होतो, पण वेग दुप्पट केला तर जोर चौपट होतो. तेव्हां गोळी बारीक आणि हलकी करूनहि पूर्वीपेक्षां अधिक काम होऊं लागलें. परंतु इतक्या वेगांत उघडें शिसें नळीच्या आंतल्या आट्यांना टिकेना. तें घासून निघून नळी भरून टाकी. म्हणून शिशावर कठीण धातूचें कवच चढविलें. हीच ती आपल्याला ऐकून माहीत असलेली थ्री-नॉट-थ्री. तिचा अर्थ एवढाच कीं, नळीचें तोंड इंचाच्या हजार भागांपैकीं ३०३ भाग रुंद.

कवच चढविल्यानें नळी वांचली, पण गोळीचा स्वभाव पालटला. ती आतां पसरेना. सुईसारखी एका बाजूनें शिरून दुसऱ्या बाजूनें निघून जाऊं लागली, आणि जातांना आपला बहुतेक जोर बरोबर घेऊन जाऊं लागली. १८९५ सालीं वायव्य सरहद्दीवर चित्रळच्या मोहिमेंत गोऱ्या फौजेनें तक्रार केली कीं, गोळी लागूनहि समोरचा पठाण धांवून येतच राहतो. त्यावर कलकत्त्याजवळच्या डमडम येथल्या कारखान्याचा अधिकारी कॅप्टन बर्टी-क्ले ह्यानें तोड काढली. त्यानें कवच टोंकाशीं किंचित् उघडें ठेवलें, म्हणजे आंतलें मऊ शिसें बाहेर डोकावूं लागलें. ही गोळी अंगांत शिरतांच पुन्हा पूर्वीसारखी उलगडूं लागली, आणि त्या गांवाचें नांव साऱ्या जगाच्या भाषांत जाऊन बसलें. आज तेथें कलकत्त्याचें विमानतळ आहे.

२९ जुलै १८९९ रोजीं हेग येथें राष्ट्रांची परिषद भरून युद्धांत अशी पसरणारी गोळी वापरूं नये असा ठराव झाला. इंग्लंडनें तो लगेच मानला नाहीं. त्यांच्या प्रतिनिधीचा युक्तिवाद असा कीं, सुधारलेला शिपाई जखमी झाला म्हणजे समजून-उमजून खालीं पडतो. रानटी माणूस पडत नाहीं, म्हणून त्याच्यासाठीं निराळी गोळी हवी. त्यांतले रानटी म्हणजे कोण, हें श्रोत्यांनीं ओळखलेंच असेल. पुढें १९०७ सालीं इंग्लंडनेंहि त्या ठरावाला मान्यता दिली.

येथें एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. जी गोळी माणसावर झाडणें क्रूरपणाचें म्हणून बहुतेक राष्ट्रांनीं निषिद्ध ठरविली, तीच गोळी हरणावर झाडणें दयेचें म्हणून शिकाऱ्यांनीं आग्रहानें वापरली. आणि कवचबंद लष्करी गोळीनें हरीण मारणें आज अनेक देशांत कायद्यानें बंद आहे. प्रथम ऐकतांना हें उफराटें वाटतें, पण थोडा विचार केला म्हणजे उलगडा होतो. युद्धांत शत्रूला लढण्यास नालायक केलें कीं हेतु पुरा झाला. त्याला इस्पितळांत नेणारे लोक आहेत. जखमी हरणाला इस्पितळ नाहीं. तें एक तर तेथल्या तेथें मेलें पाहिजे, नाहीं तर तीन दिवस कोठल्या तरी करवंदीच्या जाळींत पडून, जखमेंत किडे होऊन मेलें पाहिजे. मधला मार्ग बहुधा नसतोच.

म्हणून हरणासाठीं गोळी निवडतांना जाणता शिकारी आपल्या बंदुकीचा विचार मागाहून करी, आधीं जनावराचा करी. चितळाचा नर सत्तर ते नव्वद किलोंचा. कातडें पातळ, फासळ्या बारीक. सांबराचा मोठा नर अडीचशें किलोंच्याहि वर जातो. खांद्याचें हाड जाड, मानेवर राठ आयाळ, आणि चिखलांत लोळण्याची संवय असल्यामुळें अंगावर पुष्कळदां वाळलेल्या मातीचा थर. चितळाला जी गोळी चालेल ती सांबराला चालेलच असें नाहीं. पातळ कवचाची, फार वेगाची, हलकी गोळी सांबराच्या खांद्यावर आपटली तर हाडावरच फुटते. वर वीतभर जखम दिसते, पण आंत फुप्फुसापर्यंत कांहींच पोचत नाहीं. उलट सांबराच्या बेताची जाड कवचाची गोळी चितळाच्या फासळ्यांतून न उलगडतां आरपार जाते. वजनें ग्रेनमध्यें मोजतात. सात हजार ग्रेनांचा एक पौंड. ज्या रायफलीला तीस-नॉट-सिक्स म्हणतात, तिच्यांत चितळासाठीं दीडशें ग्रेनांची आणि सांबरासाठीं एकशें ऐशीं ग्रेनांची मऊ नाकाची गोळी घालावी, असा सर्वसाधारण हिशेब. वीस-पंचवीस किलोंच्या भेकरावर ह्यांतली कोणतीहि झाडली तर खाण्याजोगें फारसें उरत नाहीं.

परंतु हिंदुस्थानांतल्या सामान्य परवानेवाल्याला एवढी निवड कधींच नव्हती. लष्करांत चालणाऱ्या मापाची बंदूक प्रजेच्या हातीं जाऊं नये, म्हणजे लष्कराचीं काडतुसें चोरून तिला उपयोगी पडणार नाहींत, हें इंग्रजांचें धोरण. म्हणून थ्री-नॉट-थ्री बंद. आणि १९०७ च्या सुमारास ४५० बोअरहि बंद झाली, तेव्हां विलायती कारखानदारांना हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकासाठीं नवीं मापें शोधून काढावीं लागलीं. मध्यमवर्गाच्या वांट्याला आली ती ३१५ बोअरची रायफल. स्वराज्य आल्यावरहि धोरण बदललें नाहीं, आणि बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यानें तीच रायफल करणें चालूं ठेवलें. तिची गोळी २४४ ग्रेनांची, बोथट नाकाची, मंद चालीची. लांबचा नेम तिला साधत नाहीं. पण आपल्या कोंकणपट्टींतल्या रानांत लांबचें दिसतें कोठें? साग, ऐन, कारवी, वेली ह्यांच्या दाटींत साठ-सत्तर पावलांवर जनावर दिसलें तर नशीब. त्या अंतरावर ती जुनी, जड गोळी आपलें काम चोख करी. ती फांद्या तोडून सरळ जाते, असा मात्र एक समज होता, आणि तो चुकीचा आहे. बोटाएवढी डहाळी मध्यें आली तर कोणतीहि गोळी वांकडी जाते. जड गोळी थोडी कमी, हलकी थोडी अधिक, एवढाच फरक. आड डहाळी असली तर बार काढूं नये, हा त्यावरचा एकच उपाय.

रायफलीचा परवाना मिळणें कठीण, म्हणून पुष्कळांची शिकार बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीवरच चाले. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक जिच्या नळींत बरोबर बसेल ती बारा बोअर. तिच्यासाठीं खडकीचीं शक्तिमान छापाचीं काडतुसें मिळत. हरणासाठीं त्यांतलीं एल्.जी. आणि एस्.जी. हीं घेत. एल्.जी.च्या काडतुसांत वाटाण्याहून मोठे असे सहा-सात छरे, एस्.जी.च्या काडतुसांत त्यांहून थोडे लहान असे नऊच्या आसपास. ऐकणाऱ्याला वाटेल, एका गोळीपेक्षां नऊ बऱ्या. शिकाऱ्यालाहि तसेंच वाटे, आणि येथेंच सगळा घात होता. तीस-पस्तीस यार्डांपलीकडे हे छरे इतके फांकतात कीं, नवांपैकीं दोन जनावराला लागतात, एक पोटांत आणि एक मांडींत. छरा वाटोळा असल्यामुळें त्याचा वेग हवेंतच पुष्कळसा मरतो. जनावर दचकतें, उडी घेतें आणि जाळींत नाहींसें होतें. शिकारी म्हणतो, बार फुकट गेला. आणि तो दुसऱ्या सावजाकडे वळतो. बार फुकट गेलेला नसतो. ह्या देशांत बंदुकीनें मेलेल्या हरणांपैकीं किती हरणें शिकाऱ्याच्या हातीं लागलीं आणि किती अशीं जाळींत मेलीं, ह्याची मोजदाद कोणींहि ठेवलेली नाहीं.

१९७२ च्या मूळ कायद्याच्या सतराव्या कलमांत ह्या गोष्टीची जाण होती. मोठें जनावर रायफलीनेंच मारावें, छऱ्याची बंदूक वापरावयाची तर परवान्यांत तशी खास परवानगी हवी आणि तीहि एकेरी गोळीसाठीं, असें तें कलम सांगे. मोटारींतून शिकार करूं नये, सूर्यास्तानंतर करूं नये, पाणवठ्यावर किंवा खारट मातीच्या चाटणावर बसून करूं नये, असे दुसरेहि निर्बंध त्यांत होते. जुन्या, सभ्य शिकाऱ्यांचे अलिखित नियम सरकारनें कागदावर उतरविले होते. ते कागदावर आले आणि एकोणीस वर्षांत परवान्यांसकट रद्द झाले. कारण तोंवर रात्रीं जीपच्या दिव्यांत डोळे दिपवून हरणें मारणाऱ्यांची एक निराळीच जात तयार झाली होती.

गोळी कोठें लागावी, हें सांगितल्याशिवाय ती कशी असावी ह्याला अर्थ नाहीं. जागा एकच. पुढच्या पायाच्या किंचित् मागें, पाठीपासून पोटापर्यंतच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यांत. तेथें हृदय आणि दोन्ही फुप्फुसें एका ओळींत येतात. डोक्यावर नेम धरण्याची फुशारकी पुष्कळजण मारीत, पण डोकें सारखें हालत असतें, आणि चार बोटें चुकली कीं जबडा उडून जनावर उपाशी मरतें. फुप्फुसांत योग्य गोळी लागली तरी हरीण बहुधा लगेच पडत नाहीं. पन्नास-शंभर पावलें धांवतें आणि मग कोसळतें. अशा वेळीं मागोमाग पळत सुटणें हा नवशिक्याचा उतावळेपणा. माग काढणारा ठाकूर आधीं खालीं बसे आणि रक्त पाही. रक्त फेसाळ, गुलाबी असेल तर फुप्फुसाचें. जनावर जवळच आहे. काळपट, दाट असेल तर काळजाचें; घटकाभर थांबावें. रक्तांत हिरवट चोथा दिसला तर गोळी पोटांत गेली. मग तीन-चार तास हालूं नये, कारण पाठलाग केला तर तें जनावर मैलभर जाईल आणि हातचें जाईल, आणि न केला तर तें जवळच बसेल. त्या तीन-चार तासांत त्या हरणाचें काय होतें, हा प्रश्न ज्यानें एकदां स्वतःला विचारला त्याच्या हातून बंदूक थोडी सुटलीच म्हणावयाची. आपल्या पुणें केंद्रावर पुष्कळ वर्षें काम केलेले व्यंकटेश माडगूळकर हे एके काळीं नादी शिकारी. पुढें त्यांनीं बंदूक ठेवली आणि दुर्बीण घेतली. तो प्रवास अनेकांनीं केला. अर्थात् सगळ्यांनींच केला असें नाहीं; कित्येकांनीं कायद्यानें बंद केली म्हणून केवळ नाइलाजानें बंदूक ठेवली.

येऊर, शहापूर, मुरबाड ह्या बाजूला चोरून होणारी पारध मात्र आजहि अधूनमधून उघडकीस येते. तिच्यांत गोळीच्या निवडीचा प्रश्नच नसतो. गांवठी नळीची ठासणी, तिच्यांत सायकलचे छरे किंवा लोखंडाचे तुकडे. नाहीं तर मोटारसायकलच्या क्लचची तार घेऊन पायवाटेवर लावलेला फास. फांसाला भूक दिसत नाहीं, मादी-पाडस दिसत नाहीं, आणि हरणासाठीं लावलेल्या फासांत बिबट्याहि अडकतो.

आतां परदेशांतल्या मंडळींकडे येतों. १९४६ सालीं जॉन नॉस्लर नांवाचा एक अमेरिकन शिकारी कॅनडांत मूस नांवाच्या, सांबराहून कितीतरी मोठ्या हरणावर गोळ्या झाडीत होता. मूसच्या अंगावर चिखलाचा थर होता, आणि गोळ्या आंत न शिरतां वरच्यावर फुटत होत्या. घरीं येऊन त्यानें एक युक्ति केली. गोळीच्या कवचाला मधोमध एक आडवी भिंत ठेवली. पुढच्या कप्प्यांतलें शिसें उलगडून फुटलें तरी मागचा कप्पा शाबूत राहून आंत जात राही. दोन वर्षांत त्यानें ती विकावयास काढली, आणि ती आजहि विकली जाते. बेकरनें शिशाच्या साध्या गोळ्यापासून जें मागितलें होतें तेंच हें, निराळ्या वाटेनें साधलेलें.

पण शिशाचा दुसरा एक दोष इतकीं वर्षें कोणाच्या ध्यानांत आला नव्हता. वेगवान गोळी उलगडतांना तिचे अत्यंत बारीक कण उडतात. मारलेल्या हरणाचें क्ष-किरणांनीं छायाचित्र घेतलें तेव्हां जखमेच्या वाटेपासून कित्येक इंच दूरपर्यंत हे कण मांसांत पसरलेले दिसले. डोळ्यांना ते दिसत नाहींत, दाताखालींहि येत नाहींत. शिसें अंगांत गेलें म्हणजे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, हें आतां सर्वमान्य आहे, आणि त्याची निर्धोक अशी मात्रा ठरलेली नाहीं. शिकाऱ्यांनीं रानांत टाकलेलीं आंतडीं खाऊन कॅलिफोर्नियांतलें काँडर जातीचें प्रचंड गिधाड शिशानें मरूं लागलें. १९८७ सालीं जगांत त्याचे अवघे २७ पक्षी उरले होते, आणि त्या ऱ्हासाच्या प्रमुख कारणांत हें शिसें होतें. अखेर कॅलिफोर्नियानें १ जुलै २०१९ पासून शिकारींत शिशाची गोळी सर्वस्वीं बंद केली. डेन्मार्कनें २०२४ सालीं रायफलीच्या बाबतींत तेंच केलें. तेथले शिकारी आतां निव्वळ तांब्याच्या गोळ्या वापरतात. तांबें उलगडतें, पण फुटत नाहीं.

तेव्हां विस्कॉन्सिन किंवा टेक्ससमधल्या आपल्या सूनबाईनें शेजाऱ्याला संकोच न करतां एकच प्रश्न विचारावा, कीं गोळी शिशाची होती कीं तांब्याची. तो शिकारी असेल तर त्याला ह्या प्रश्नाचा राग येणार नाहीं, कौतुकच वाटेल. शिशाची असेल तर जखमेच्या आसपासचें मांस त्यानें ढळढळीत कापून टाकलें आहे ना, हें विचारावें, खिमा केलेलें मांस घेऊं नये, आणि घरांत लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर गोड बोलून नाहीं म्हणावें.

राहतां राहिलें आपल्या घरचें कपाट. वडील माणूस वारल्यावर त्याचा परवाना आपोआप मुलाच्या नांवें होत नाहीं. बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून, वारसानें स्वतःच्या नांवें परवान्याचा अर्ज करावयाचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनहून अधिक बंदुका ठेवतां येत नाहींत. पूर्वी तीन चालत. शिंगांची आणि कातड्यांची गोष्ट निराळी. काळविटासारख्या, कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत नांव असलेल्या जनावराचें डोकें वारशानें आलें तर नव्वद दिवसांच्या आंत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे तसें लेखी कळवावें लागतें. तें विकतां येत नाहीं, आणि मित्राला भेट म्हणूनहि देतां येत नाहीं. मालकीचा दाखला आहे पण तें भिंतीवर नको वाटतें, अशांसाठीं २०२२ च्या दुरुस्तीनें तें सरकारजमा करण्याची सोय केली आहे. त्याचा मोबदला मिळत नाहीं.

काडतुसांविषयीं सर्वांत अधिक हयगय होते. जुनीं काडतुसें बाद झालीं असें समजून तीं केराच्या टोपलींत किंवा खाडींत टाकणारे लोक आहेत. पन्नास वर्षांचें काडतूस उडेल कीं नाहीं सांगतां येत नाहीं, आणि धोका तोच आहे. त्यांना तेल लावूं नये, घासूं नये, मुलांना दाखवावयास काढूं नये. बुडावर के.एफ. अशीं अक्षरें आणि पुढें दोन आंकडे असतील तर तें खडकीच्या कारखान्याचें, आणि आंकडे सालाचे. तोंडाशीं करडें शिसें डोकावत असेल तर गोळी मऊ नाकाची, म्हणजे हरणासाठीं घेतलेली. एवढें पाहून झालें कीं तीं मोजावीं, जुना परवाना बरोबर घ्यावा, आणि ठाण्यावर जमा करून संख्या लिहिलेली पावती घेतल्याशिवाय परत येऊं नये.